बूटसाहेबांचा नवस

माझ्या नवऱ्याची एक खोड मला लग्नाआधीच दिसली होती. कोल्हारहून ते मला बघायला आले तेव्हा मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. यांनी पायांकडे बघितलं. मी मनात म्हटलं, लाजाळू दिसतात. लाजाळू कसले! लग्नानंतर विचारलं तर म्हणाले, "चार नंबर. डावा किंचित मोठा." मी सुतळी घेऊन मोजला. डावा खरंच किंचित मोठा आहे.

त्यांचं नाव मार्तंड, पण पाथर्डीत ते नाव पोस्टमनला आणि मला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. गावाला ते बूटसाहेब. जयंत शू कंपनीच्या पाथर्डीच्या दुकानाचे ते शाखाधिकारी होते. कंपनी दांडगी, हेड ऑफिस मुंबईला, देशभर सव्वाशे दुकानं, आणि त्या सव्वाशेत सगळ्यात लहान आमचं, एसटी स्टँडाच्या समोर. शाखाधिकारी म्हणजे दुकान उघडायचं त्यांनी, झाडायचं त्यांनी, बूट दाखवायचे त्यांनी आणि हेड ऑफिसची बोलणी खायची तीही त्यांनीच.

माझे सासरे विष्णुपंत कोल्हारला भिक्षुकी करायचे. मुलगा चामड्याच्या दुकानात बसतो, आणि नुसता बसत नाही तर येईल त्याचा पाय मांडीवर घेतो, हे त्यांना दहा वर्षांत पचलं नव्हतं. आमच्याकडे यायचे, जेवायचे, राहायचे. पण एसटीतून उतरले की दुकानाकडे पाठ करून चालू लागायचे. आणि हे खरंच पाय मांडीवर घ्यायचे. दुकानात पाण्याची बादली आणि ओलं फडकं असे. गिऱ्हाइकाचा धुळीनं भरलेला पाय आधी पुसायचा, मग लाकडी मापावर ठेवायचा, मग दुसरा, आणि मग दोन्हींचे आकडे वहीत. कोण कुठला, कुठल्या जातीचा, काही नाही. मी कितीदा म्हटलं, अहो, नंबर विचारा आणि खोकं पुढं करा. तर म्हणे, "लोकांना आपला नंबर माहीत नसतो गं. आयुष्यभर चुकीच्या चपला घालतात." त्या वहीत अर्ध्या तालुक्याचे पाय होते. सरकारकडेही इतकी माहिती नसेल.

आता कंपनीच्या फॉर्मविषयी सांगते, कारण माझ्या डोक्याला खरा ताप त्याचाच होता. दर तीन महिन्यांनी हेड ऑफिसकडून इंग्रजीत एक छापील कागद यायचा. यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग मोडावी तसं, आणि मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, म्हणून तो कागद भरायचं काम माझ्याकडे. वर विक्रीचे जोड, आणि खाली 'विक्री घटल्यास त्याची बाह्य कारणे'. त्यापुढे पाच चौकोन: स्पर्धा, हवामान, संप, सरकारी धोरण, इतर. 'इतर'ला दोन बोटं जागा. मुंबईत पंख्याखाली बसून कोणीतरी ठरवलं होतं की आमच्या पाथर्डीवर जे काही यायचं ते दोन बोटांत मावलं पाहिजे.

बाहत्तर सालच्या जूनमध्ये आभाळाकडे बघून माना दुखल्या. एकाहत्तर तसंच गेलेलं, विहिरींना तळ दिसलेला. मी 'हवामान'वर खूण केली आणि लिहिलं, पाऊस नाही. पंधरा दिवसांनी ट्रान्सपोर्टनं मोठं पार्सल आलं. उघडून बघितलं तर साठ जोड गमबूट. गुडघ्यापर्यंतचे, काळे, रबरी. कंपनीच्या नियमानं पावसाळ्यात सगळ्या दुकानांना गमबूट जात, मग ते दुकान चिपळूणचं असो की पाथर्डीचं. मी कपाळाला हात लावला. यांनी शांतपणे साठही जोड पुसून फळीवर मांडले.

मग आला श्रावण, आणि श्रावणातला तो मंगळवार. देवीच्या सभामंडपात गाव जमलं होतं. जो तो देवीपुढं उभा राहायचा आणि पाऊस पडेपर्यंत आपली आवडती एक गोष्ट सोडायचा. किराणावाल्यांनी चहा सोडला. तलाठ्यांनी तंबाखू सोडली. एका पैलवानानं दूध सोडलं, त्याची म्हैस आठवड्यापूर्वीच बाजारात गेली होती ते सोडा. मी बायकांच्यात बसले होते आणि बघते तो आमचे हे उठून उभे. या माणसाला कोणी काही विचारलं नव्हतं.

"मी पायात काही घालणार नाही," ते म्हणाले. "पाऊस पडेपर्यंत."

मग माझ्या शेजारून दगडाबाई उठली. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या चाळीस बायकांची ती मुकादम होती, आवाज असा की रस्त्याच्या या टोकाचा त्या टोकाला जावा. "चपला इकणारा मानूस चपला सोडतोय," ती म्हणाली, "मंग आमी काय राजाच्या ल्येकी लागून गेलो का?" तिनं आपल्या चपला देवळामागं नेऊन ठेवल्या. तिच्यामागं चाळीस बायका गेल्या, त्यांच्यामागं गडी माणसं, आणि घटकाभरात देवळामागं चपलांचा ढीग लागला. मी माझ्याकडे बघणाऱ्या बायकांकडे बघितलं आणि मुकाट्यानं माझ्याही त्यात टाकल्या.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, तुम्ही चपलांचं दुकान चालवता."

"सगळ्यात आवडतं तेच सोडायचं होतं ना," हे म्हणाले.

लोकांना वाटलं होतं, आठ-पंधरा दिवसांत पाऊस येईल. आला नाही. सप्टेंबरअखेरचा फॉर्म आला तेव्हा त्या तीन महिन्यांत विकलेले जोड होते अकरा, तेही बहुतेक स्टँडवरच्या परगावच्या उतारूंनी घेतलेले. मी 'इतर'च्या दोन बोटांत लिहिलं, गावकऱ्यांचा नवस, कोणी पायात घालत नाही. मुंबईहून पत्र आलं: हे कारण किती दिवस चालेल? मी कळवलं, पाऊस पडेपर्यंत. पुन्हा पत्र: पाऊस कधी अपेक्षित आहे, तारीख द्यावी. मी ते पत्र तीनदा वाचलं. शाळेत एखाद्या मुलीनं असं विचारलं असतं तर मी तिला बाकावर उभं केलं असतं. नवस कोणी सुरू केला हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

या सगळ्यात एकाच माणसाला आनंद झाला होता. विष्णुपंतांना. कोल्हारला कोणीतरी बातमी नेली आणि ते पुढच्या गाडीनं आले. एसटीतून उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ दुकानात गेले. बाहेर वहाणा काढल्या, आत गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले, मुलाच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "माझी पूजा फुकट नाही गेली." त्या दिवशी हे दोनदा जेवले. बापाच्या तोंडून असं काही ऐकायला ते दहा वर्षं थांबले होते, हे मलाही तेव्हाच कळलं.

जानेवारीत पुण्याहून कंपनीचे इन्स्पेक्टर आले. टाय लावलेले, हातात कातडी बॅग. त्यांनी काउंटरमागं वाकून बघितलं आणि त्यांना शाखाधिकाऱ्यांची दहा बोटं दिसली. पुढं काय झालं ते त्यांनी पाठवलेल्या कागदावरून मला समजलं. एकतीस मार्चपर्यंत तीनशे जोड विकले गेले नाहीत तर शाखा बंद, शाखाधिकाऱ्यांची बदली रायपूरला. खाली पेनानं लिहिलं होतं, शाखाधिकाऱ्यांनी कंपनीचे बूट वापरावेत.

रायपूर कुठं आहे ते मी शाळेच्या नकाशात बघितलं. वीतभर लांब होतं. सहा वर्षं टेंपररी राबल्यावर गेल्याच जूनमध्ये माझी नोकरी पक्की झाली होती. ती सोडायची किंवा नवऱ्याला सोडायचं, दोन्हींतलं एक. कशासाठी? तर सभामंडपात कोणी विचारलं नसताना हा माणूस उभा राहिला म्हणून.

मी सगळे उपाय केले. रागावले. रडले. दोन दिवस बोलले नाही, तर त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. "अहो, देवीनं तुमची सही घेतलीय का?" मी विचारलं. "तुम्ही बूट घातलेत तर गाव घालेल. दुकान वाचेल. मी वाचेन."

"ते खरं आहे," हे म्हणाले. त्यांच्याशी भांडणं म्हणजे उशीला बुक्के मारणं.

गावाचा हिशेब मात्र मी म्हणत होते तसाच होता. दगडाबाईनंच मला तो सांगितला होता: ज्यानं नवस पहिल्यांदा बोलला, त्याच्या पायानं तो चालतो. त्यानं सोडला तर सगळ्यांचा सुटला, आणि दोष लागला तर तो त्याच्या एकट्याच्या माथी. तोवर मात्र कोणी चप्पल घालणार नव्हतं.

मार्चच्या मध्यावर दगडाबाई लंगडत दुकानात आली. खडीची कपची टाचेत घुसली होती आणि पाय घोट्यापर्यंत सुजून लाल झाला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कपची काढली, पट्टी बांधली आणि बजावलं की आता अनवाणी कामावर गेलीस तर पाय कापावा लागेल. काम सोडलं तर खाणार काय? आणि चप्पल घालायला ती तयार नव्हती. ती दुकानात आली होती ती फक्त विचारायला, की बूटसाहेब, तुमाला पायातलं कळतं, पट्टीवर पट्टी बांधली तर चालंल का? यांनी तो पाय मांडीवर घेतला आणि बराच वेळ धरून बसले. त्यांच्या वहीत तो पाय होता. सहा नंबर, पंजा रुंद.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. "चाळीसजणी आहेत," एवढंच म्हणाले, "आणि उन्हाळा अजून यायचाय."

दुसऱ्या दिवशी रविवार. यांनी दुकानातून स्वतःच्या मापाचे काळे बंद बूट स्वतःच्या नावावर घेतले आणि मला म्हणाले, दुष्काळी कामावर जायचंय, चल. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. पण लगेच निघतील तर ते हे कसले! आधी स्टँडाशेजारी कडुलिंबाखाली बसणाऱ्या कानिफनाथाकडे गेले. कानिफनाथ गावचा जुना चांभार. कंपनीच्या दुकानानं त्याचं निम्मं काम नेलं होतं आणि तरी दोघांची मैत्री होती, कारण आमच्या दुकानात विकलेली प्रत्येक चप्पल शेवटी दुरुस्तीला त्याच्याकडेच जायची. मला घरी थांबायला सांगून हे तासभर त्याच्यापाशी बसले. कोऱ्या करकरीत बुटांना चांभाराकडे काय काम, मी विचारलं. "टाचेला लागत होते," हे म्हणाले.

खडी फोडायच्या जागी आम्ही पोचलो तेव्हा बायका कामावर मिळणारी सुकडी खायला बाभळीच्या सावलीला बसल्या होत्या. हे सगळ्यांसमोर उभे राहिले, पिशवीतून बूट काढले, खाली बसून पायांत घातले, नाड्या बांधल्या आणि उठले.

"माझा नवस मी सोडला," ते म्हणाले. "आता तुम्हाला कोणाला काही बंधन नाही. पाऊस नाही आला तर दोष माझा."

दगडाबाई पट्टीचा पाय पुढं करून बसली होती. ती यांच्या बुटांकडे बघत होती. मग तिनं वर बघितलं.

"कंपनीनं सांगितलं व्हय, साहेब?"

"हो," हे म्हणाले.

दगडाबाईनं तोंड फिरवलं. मी शेजारी उभी होते आणि मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. जानेवारीपासून मी हेच मागत होते. मिळालं तेव्हा मला नको झालं. निदान तुझ्या पायासाठी सोडला म्हणाले असते तर काय बिघडत होतं? पण नंतर विचार केला तेव्हा समजलं, तसं म्हणाले असते तर दगडाबाईनं मेली तरी चप्पल घातली नसती.

देवळामागच्या चपला सात महिन्यांच्या उन्हानं वाळून कडक झाल्या होत्या, काही कुत्र्यांनी फाडल्या होत्या. त्यामुळं नव्या घेण्यावाचून गत नव्हती. एकतीस मार्चपर्यंत तीनशे चौदा जोड गेले. लोक दुकानात येत, यांच्याशी न बोलता पाय पुढं करत, चपला घेऊन जात. आपल्या पायांवर त्यांचा राग नव्हता, राग होता यांच्यावर. बाजारात हे दिसले की कोणीतरी हटकून म्हणायचं, कंपनीसाठी देवीला फसवलं. दगडाबाई स्वतः आलीच नाही. तिच्या चपला दुसरी बाई घेऊन गेली. सहा नंबर, रुंद पंजा, यांनी वहीत न बघता काढून दिल्या.

हेड ऑफिसचं अभिनंदनाचं पत्र आलं. बाह्य कारणाचं निवारण केल्याबद्दल शाखाधिकाऱ्यांचं कौतुक, बदली रद्द, आणि गमबूट अद्याप का विकले गेले नाहीत याचा खुलासा पाठवावा. त्याच टपालानं कोल्हारचं कार्ड आलं. विष्णुपंतांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती: आता तुझ्या घरी माझं येणं होणार नाही. यांनी ते कार्ड वाचलं, घडी न पाडता पायांच्या वहीत ठेवलं आणि दुकान उघडायला गेले.

दुकान राहिलं, माझी नोकरी राहिली, आणि मी मात्र घरात चिडलेलीच. कारणं तरी किती सांगू? बूट हा माणूस उंबऱ्यात काढत नसे. आत येऊन काढायचा आणि फडताळावर ठेवायचा, लोणच्याच्या बरणीशेजारी. "अहो, बुटांची ही जागा आहे का?" तर म्हणे, बाहेर कुत्री नेतात. पॉलिश करून देते म्हटलं तर हात लावू द्यायचे नाहीत. मोरीत दार लावून पाय धुवायचे. आणि चालणं असं जपून, की मला वाटे कंपनीचेच बूट यांना चावतात आणि कबूल करायला लाज वाटते. एप्रिल गेला, मे आला. ऊन असं की शाळेच्या पायरीवर हात टेकवत नव्हता. पाऊस नव्हताच, आणि गावात आता त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका बाजारच्या दिवशी मी दुपारी दारात उभी होते. शाळेला सुट्टी, जेवण गार होत आलेलं, आणि आज यायला उशीर केला म्हणून बोलायचं सगळं माझ्या तोंडात तयार होतं. पाण्याचा टँकर नुकताच गल्लीतून गेला होता आणि त्याच्या चाकांनी धूळ दळून पिठासारखी केली होती. हे कोपऱ्यावरून वळले. काळे बूट, बांधलेल्या नाड्या, ते नेहमीचं जपून चालणं. माझ्यासमोरून आत गेले. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझी नजर गल्लीत गेली.

धुळीत त्यांच्या मागं पावलं उमटली होती. टाच, पंजा आणि पाच बोटं. कोपऱ्यापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत, एकामागोमाग एक.

मी आत गेले. हे मोरीत होते, दार लावलेलं. फडताळावरचा बूट मी हातात घेतला आणि उलटा केला. त्याला तळ नव्हता. कडेची किनार तेवढी ठेवून मधला सगळा तळ सफाईनं कापून काढलेला होता. माझा हात आरपार बाहेर आला. कानिफनाथाचा हात मी ओळखते, एवढं सरळ कापणारा तालुक्यात दुसरा नाही.

दोन महिने. एप्रिलच्या आणि मेच्या त्या उन्हात दोन महिने हा माणूस अनवाणी चालला होता आणि सगळ्या गावाची बोलणी, बापाचं कार्ड आणि माझी किरकिर वरच्या कातड्यावर झेलत होता. लोकांच्या पायांचा नवस सोडवला होता आणि स्वतःच्या पायांचा कोणाला न सांगता चालू ठेवला होता. मलासुद्धा नाही. मला इतका राग आला की डोळे भरून आले. मग भानावर आले, की धुळीतली पावलं तशीच आहेत आणि आज बाजार आहे.

मी बूट जागेवर ठेवला, खराटा घेतला आणि भर दुपारी गल्ली झाडायला लागले. उंबऱ्यापासून कोपऱ्याकडे, पावलामागून पाऊल. निम्म्यावर पोचले तोच कोपऱ्यावरून दगडाबाई वळली. पायात सहा नंबरच्या चपला, चाल सरळ, आणि एका हातानं बाभळीची डेरेदार फांदी जमिनीवरून ओढत आणलेली. मी खराटा जोरात चालवला. झाकायची पावलं अजून सात-आठ होती आणि ती नेमकी तिच्या समोर.

ती थांबली. पावलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "धूळ फार झाली," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. तिनं फांदी पुढं घेतली आणि ती उरलेल्या पावलांवरून सावकाश ओढत माझ्यापर्यंत आली. मी कोपऱ्यापर्यंत बघितलं. तिच्या मागं स्टँडाकडच्या वाटेवर कुठं एक बोट उमटलेलं नव्हतं, नुसते फांदीचे ओरखडे होते.

"दुकानापास्नं हितपत्तर मी बघते, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हैना झाला. गल्लीतलं तेवढं तुमी बघत जा."